मराठी विद्यार्थ्यांना कोरियन शिकवताना मध्ये इंग्रजी कशाला?

पुण्यात कोरियन शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा: "मुलं आठवड्याभरात हंगुल लिपी वाचायला लागतात, टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची पहिली पातळीही पास होतात. पण कोरियन माणूस समोर आला की दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. पुढच्या पातळीच्या बॅचला निम्मी गळतात. सकाळी कॉलेजच्या मुली असतात, संध्याकाळी रांजणगाव-तळेगावच्या कंपन्यांतले लोक. शिकवण्यात नेमकं काय बदलू? आणि मूळचा कोरियन शिक्षक ठेवला तर फरक पडेल का?"

बोलता न येण्याचं कारण आधी परीक्षेतच शोधा. टोपिक-१ मध्ये ऐकण्याचे ३० आणि वाचनाचे ४० प्रश्न असतात, सगळे चार पर्यायांचे, मिळून २०० गुण. पहिल्या पातळीला ८० लागतात. डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी ५० पडतात, म्हणजे खऱ्या अभ्यासाचे म्हणाल तर थोडेच गुण मिळवायचे असतात. लिहिणं नाही, बोलणं तर नाहीच. बोलण्याची वेगळी टोपिक परीक्षा सुरू झाली तीच मुळी २०२२ च्या अखेरीस. तुम्ही वर्ग या परीक्षेभोवती बांधलाय, मुलं तिच्यापुरतं शिकली, यात त्यांचा दोष नाही. परीक्षा सोडा असं मी म्हणत नाही, फी भरणाऱ्या पालकांना प्रमाणपत्र हवंच असतं. पण परीक्षेची तयारी शेवटच्या महिन्यात करा. तोवरचा वर्ग बोलण्यासाठी ठेवा.

आता मुख्य मुद्दा. वर्गातली इंग्रजी कमी करा आणि तिच्या जागी मराठी आणा.

तुमची पुस्तकं उघडून बघा. डावीकडे कोरियन, उजवीकडे इंग्रजी, व्याकरणाचे खुलासे इंग्रजीत, सरावातली वाक्यंही इंग्रजीतून कोरियनमध्ये न्यायची. मुलगी मनात मराठीत विचार करते. क्रियापद शेवटी असलेलं सरळ मराठी वाक्य ती आधी इंग्रजीत उलटं करते आणि मग कोरियनसाठी पुन्हा सुलटं करते. एवढ्या कसरतीत समोरचा कोरियन माणूस घड्याळ बघायला लागतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी संस्था कोरियनला सर्वांत अवघड गटात टाकते आणि तिच्यासाठी २२०० तासांचं शिक्षण धरते. तो आकडा आपल्याकडच्या क्लासच्या जाहिरातींतही फिरतो. पण तो इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे. मराठी माणसाला कोरियन शब्द तितकेच परके असतात, वाक्याची बांधणी मात्र अजिबात परकी नसते. तो फायदा आपण इंग्रजी मध्ये घालून स्वतःच्या हाताने घालवतो.

एक उदाहरण नीट बघू. (इथे कोरियन शब्द मी देवनागरीत लिहितेय, ते अंदाजेच समजा. वर्गात मात्र पहिल्या दोन-तीन तासांनंतर फळ्यावर कोरियनसाठी देवनागरी येऊ देऊ नका, रोमन तर मुळीच नको.)

नामाच्या आधी येणारं विशेषण-वाक्य हा धडा दुसऱ्या पातळीच्या तोंडाशी येतो आणि गळती नेमकी तिथेच सुरू होते. इंग्रजीत 'माणूस' आधी आणि 'जो काल आला' मागाहून. पुस्तक सांगतं की कोरियनमध्ये हे उलटं होतं. मुलं घाबरतात. आता हेच मराठीत मांडा: 'काल आलेला माणूस' म्हणजे 'ऑजे ओन साराम'. 'उद्या येणारा माणूस' म्हणजे 'नेइल ओल साराम'. 'आत्ता येत असलेला माणूस' म्हणजे 'जिगम ओनन साराम'. शब्दाला शब्द, जागेला जागा. आपण -लेला, -णारा, -त असलेला असा भेद करतो, कोरियनही तीन शेपट्या लावून तोच भेद करते. इंग्रजीतून दोन आठवडे चालणारा हा धडा मराठीतून एका तासात कळतो, उरलेला वेळ सरावाला मिळतो. आणि लांब वाक्यांना घाबरू नका. 'आईने काल बाजारातून आणलेली भाजी' एवढं मोठं विशेषण मराठी पोरगी रोज बोलते, तेच कोरियनमध्ये बोलायला लावा.

दुसरं उदाहरण संयुक्त क्रियापदांचं. हा तर मराठी माणसासाठी खजिनाच आहे. 'खाऊन बघ' याला कोरियन 'मॉगॉ बोदा' म्हणतात, आणि त्यातला 'बोदा' म्हणजे बघणेच. 'करून दे' मधल्या देण्याला 'जुदा', त्याचाही अर्थ देणे. 'करून ठेव' मधल्या ठेवण्याला 'दुदा', अर्थ ठेवणे. 'खाऊन टाकलं' मधल्या टाकण्याला 'बॉरिदा', आणि त्याचा मूळ अर्थ टाकून देणे! इंग्रजी पुस्तक या चौघांसाठी चार वेगवेगळी व्याकरणसूत्रं देतं, प्रत्येकाखाली परिच्छेदभर खुलासा. मराठीत खुलाशाची गरजच नाही. 'पैसे खर्चून टाकले' आणि 'पैसे खर्चले' यांतला चुटपुटीचा फरक मराठी मुलीला शिकवावा लागत नाही, तो तिला आधीच येतो. संध्याकाळच्या बॅचमध्ये हिंदी भाषक असतील तर त्यांचंही 'करके देखना', 'कर देना' चालतं, अडत नाही.

'येतो म्हणून सांगितलं', 'पाऊस पडेल असं म्हणतात' ही दुसऱ्याचं बोलणं सांगायची पद्धतही तशीच आहे. म्हटलेलं आधी, म्हणणं शेवटी. फक्त 'तो म्हणाला की' ही रचना वर्गात टाळा. 'की' आला की मुलं वाक्य पुन्हा इंग्रजी वळणावर नेतात.

आता मराठी कुठे दगा देते तेही सांगते, कारण बहुतेक शिक्षक इथे अडकून 'मराठीतून नको' असं ठरवतात.

आपला 'ऊन' कोरियनमध्ये दोघांत वाटला जातो, '-गो' आणि '-आसॉ'. 'हात धुऊन जेवलो' इथे दोन कामं नुसती एकामागून एक आहेत, म्हणून '-गो'. 'बाजारात जाऊन भाजी आणली' इथे जाण्याचा परिणाम दुसऱ्या कामात शिल्लक आहे, भाजी तिथूनच आणली, म्हणून '-आसॉ'. मराठी मुलं सरसकट '-गो' लावतात. नियम पाठ करून घेऊ नका. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायला शिकवा: पहिलं काम संपलं तिथे सुटलं, की दुसऱ्यात गेलं? उठून बसलो, विकत घेऊन दिलं, शिजवून खाल्लं, दार लावून झोपलो, अशी वीस-पंचवीस वाक्यं तोंडी चालवा, वहीत नव्हे. वहीत ती बरोबर येतात.

'म्हणून'चंही तसंच. कारण सांगायला '-आसॉ' आणि '-निक्का' दोन्ही आहेत, पण पुढे आज्ञा किंवा 'चला करू' असा प्रस्ताव असला तर '-आसॉ' चालत नाही. 'पाऊस आला म्हणून उशीर झाला' याला '-आसॉ'. 'पाऊस आहे म्हणून छत्री घे' याला '-निक्का'च. मराठी कान दोन्हीत एकच 'म्हणून' ऐकतो, म्हणून इथे शिक्षकाने सावध राहायचं. एवढी एक चाळणी लावली तरी बहुतेक चुका वेचल्या जातात.

विषय दाखवणारा '-नन' आणि कर्ता दाखवणारा '-गा' यांवर मी फार वेळ घालवत नाही. सुरुवातीला 'मासे खातो, मटण मात्र नाही' यातल्या 'मात्र'च्या जागी '-नन' आणि 'कोण आलं?' याच्या उत्तरात '-गा', एवढंच. बाकीचं वाचनातून मुरतं. याच्यावर पानंच्या पानं खर्चणारी पुस्तकं मुलांना निव्वळ दचकवतात.

आता ज्याने बोलणं खरोखर अडतं ती गोष्ट, म्हणजे समोर कोण आहे त्यावरून बदलणारं क्रियापद. इथे बहुतेक शिक्षक 'कोरियनमध्ये आदर फार असतो, आपल्यासारखाच' असं म्हणून पुढे जातात. अर्धंच खरं आहे. मराठीत 'मुलगा आला' आणि 'आजोबा आले' हा फरक ज्याच्याविषयी बोलतो त्याच्या मानाचा आहे. कोरियनमध्ये त्यासाठी क्रियापदात '-शी-' घुसतो, 'आजोबा आले' म्हणजे 'हाराबॉजिगा ओश्यॉस्सॉयो'. हे मुलांना पटकन जमतं. पण 'पाऊस पडतोय' हे वाक्य आपण मैत्रिणीला सांगू तसंच साहेबांना सांगतो. कोरियनमध्ये मैत्रिणीला 'बिगा वा', शेजारच्या काकूंना 'बिगा वायो', मीटिंगमध्ये 'बिगा ओम्निदा'. पावसाला मान द्यायचा नसतो, ऐकणाऱ्याला द्यायचा असतो, आणि तो दिल्याशिवाय वाक्य संपतच नाही.

मराठीत याच्या जवळ काही आहे का? आहे, पण क्रियापदात नाही, त्याच्या मागे आहे. रे, गं आणि हो. 'पाऊस पडतोय गं', 'पाऊस पडतोय हो'. मराठीत हे लावलं तर लावलं, नाही लावलं तरी चालतं. कोरियनमध्ये ते सक्तीचं आहे. हे एकदा सांगितलं की फळ्यावर चार चौकोनांचा तक्ता काढा. वर 'ऐकणारा जवळचा' आणि 'ऐकणारा मानाचा', बाजूला 'ज्याच्याविषयी बोलतो तो साधा' आणि 'मानाचा'. मग चारही चौकोन आधी मराठीत भरून घ्या:

'पोरगा आलाय रे.' 'पोरगा आलाय हो.' 'आजोबा आलेत रे.' 'आजोबा आलेत हो.'

वर्गातल्या प्रत्येकाला यातलं प्रत्येक वाक्य कुणाला म्हणायचं ते माहीत असतं. आता खाली कोरियन भरा: 'वास्सॉ', 'वास्सॉयो', 'ओश्यॉस्सॉ', 'ओश्यॉस्सॉयो'. मालिका बघून आलेल्या मुली पहिला आणि तिसरा चौकोन सफाईने बोलतात, कारण पडद्यावर मित्रमैत्रिणी नाहीतर बहीणभाऊ बोलत असतात. तोच सूर त्या शिक्षकालाही लावतात आणि कोरियन माणसाच्या भुवया का उंचावल्या ते त्यांना कळत नाही. कंपनीतली मंडळी उलट चौथ्या चौकोनातच अडकून बसतात, चहाच्या टपरीवर बरोबरीच्या कोरियन मित्राशीही अहवाल वाचल्यासारखं बोलतात. एकच प्रसंग घेऊन ऐकणारा बदलत राहा. 'जेवलास का?' मित्राला 'बाप मॉगॉस्सॉ?', ओळखीच्या वडीलधाऱ्याला 'शिक्सा हाश्यॉस्सॉयो?', आजी-आजोबांना 'जिन्जी दुश्यॉस्सॉयो?' इथे तर शब्दच बदलतो, जेवणाला जिन्जी म्हणायचं. भेटल्यावर जेवणाची चौकशी करणं आपल्या गावांतही आहेच, त्यामुळे प्रसंग उपरा वाटत नाही.

'तुम्ही' हा शब्द मात्र शिकवूच नका, निदान पहिलं वर्षभर. मुलं शब्दकोशातून 'दाङ्शिन' उचलतात आणि साहेबांना म्हणतात. ते नवराबायकोत चालतं किंवा भांडणात. कोरियन माणूस हुद्द्याने नाहीतर नात्याने हाक मारतो: बुजाङ्निम, ग्वाजाङ्निम हे कंपनीतले हुद्दे. खाणावळीत वाढणाऱ्या बाईंना 'इमो', म्हणजे मावशी. दवाखान्यातल्या आयाबाईंना मावशी म्हणणाऱ्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही.

उच्चारांबद्दल. हंगुल आठवड्यात येते हे खरं, पण अक्षरं ओळखणं आणि आवाज काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. १४४६ मध्ये राजा सेजोंगने ही लिपी जाहीर केली तेव्हा व्यंजनं दाढ, जीभ, ओठ, दात आणि कंठ अशी लावली होती. कवर्ग-चवर्ग घोकलेल्या आपल्या मुलांना तीच मांडणी दाखवा, इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने नको. एक रेघ वाढवली की अल्पप्राणाचा महाप्राण होतो हे त्यांना लगेच दिसतं.

घोळ होतो तो पुढे. आपल्याकडे त, थ, द, ध असे चार आहेत, कोरियनमध्ये तीन: मवाळ, महाप्राण आणि ताणलेला. चार असलेल्याला तीन सोपे जातील असं वाटतं, पण जात नाहीत. चंद्र, मुखवटा आणि मुलगी (लेक) या तिघांचे शब्द, दाल, थाल आणि त्ताल, फक्त पहिल्या व्यंजनाने वेगळे होतात. मुखवट्याला आपला 'थ' चालतो. मुलगीला आपला साधा 'त', श्वास न सोडता, बऱ्यापैकी चालतो. चंद्राचा पहिला आवाज मात्र आपल्या 'त'ही नाही आणि 'द'ही नाही. शब्दाच्या सुरुवातीला त्यात थोडा श्वास असतो, दोन स्वरांच्या मध्ये आला की तो सरळ 'द' होतो. म्हणून मराठी मुलगी 'किम्ची' आपल्या नेहमीच्या 'क'ने म्हणते तेव्हा कोरियन कानाला तो ताणलेला 'क्क' वाटतो.

इथे पुस्तकात क्वचितच नीट सांगितलेली गोष्ट सुराची आहे. आजच्या सोलच्या तरुण बोलीत मवाळ आणि महाप्राण यांतला श्वासाचा फरक जवळजवळ पुसला गेलाय आणि फरक पट्टीवर आलाय. मवाळ व्यंजनाने सुरू होणारा शब्द खालच्या सुरात उठतो, बाकीचे दोन वरच्या सुरात. मुलांना श्वास मोजायला लावण्यापेक्षा सूर ऐकायला लावा. तीन चित्रं भिंतीला चिकटवा, तोंडासमोर वही धरून शब्द म्हणा, मुलांनी चित्राकडे बोट दाखवायचं. ऐकणं पक्कं झाल्याशिवाय बोलायला लावू नका. मग फोनवर त्यांचा आवाज घ्या आणि 'प्राट' या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत सुराची रेघ दाखवा. रेघ खाली सुरू झाली की चंद्र, वर सुरू झाली की काहीतरी दुसरं. कंपनीतल्या इंजिनियर लोकांना आलेख बघून जेवढं पटतं तेवढं माझ्या सांगण्याने पटत नाही.

शब्दाच्या शेवटचं व्यंजन आपण सोडतो, कोरियन सोडत नाहीत. 'बाप' म्हणताना आपले ओठ मिटून पुन्हा उघडतात. भात या अर्थाच्या कोरियन 'बाप'मध्ये ते मिटले की मिटलेच राहिले पाहिजेत, नाहीतर कोरियन कानाला मागे एक जादा स्वर ऐकू येतो. 'ऍ' आणि 'ए' या दोन स्वरांच्या मागे मात्र लागू नका. सोलमध्ये ते बोलण्यात एकच झालेत, शुद्धलेखनापुरते वेगळे ठेवा.

आणि संधी. कोरियन वाचताना लिहिलंय एक आणि बोलायचं दुसरं, ही तक्रार प्रत्येक बॅचमध्ये येते. पुस्तकात यासाठी एक तक्ता असतो, तो बघूनच पोटात गोळा येतो. तक्ता बाजूला ठेवा आणि विचारा, 'वाक् अधिक मय?' दहावीत संस्कृत किंवा मराठी व्याकरण शिकलेला कोणीतरी 'वाङ्मय' म्हणतोच. आता रस्सा या अर्थाचा शब्द 'गुक् अधिक मुल', उच्चार 'गुङ्मुल'. नियम तोच: पुढे अनुनासिक आलं की मागचं कठोर व्यंजन आपल्या वर्गातलं अनुनासिक होतं. 'तत् अधिक लीन' तल्लीन, तसं प्राचीन राज्याचं नाव लिहायचं 'शिन्' आणि 'रा', म्हणायचं 'शिल्ला'. 'हाप्निदा' लिहून 'हाम्निदा' का म्हणायचं हेही त्यातच आलं. जगन्नाथ, षण्मास, उल्लेख ही उदाहरणं फळ्यावर असली की मुलं उरलेले नियम स्वतः शोधतात.

हाच धागा आकड्यांना लावा, विशेषतः संध्याकाळच्या बॅचला. कंपनीत दुभाष्याची नोकरी जाते ती व्याकरणाने नाही, आकड्यांनी जाते. कोरियन मोजणी दहा हजारांच्या गठ्ठ्यांनी चालते, त्या गठ्ठ्याला 'मान' म्हणतात. एक लाख म्हणजे दहा मान, 'शिप् मान', उच्चार 'शिम्मान'. दहा लाख शंभर मान, 'बेङ्मान'. एक कोटी हजार मान, 'छॉन्मान'. दहा कोटीला नवा शब्द, 'ऑक'. इंग्रजी पुस्तकातून शिकलेला विद्यार्थी लाखाचं आधी मिलियनमध्ये रूपांतर करतो आणि मग मानमध्ये, आणि दोनदा शून्यं चुकवतो. थेट लाख-कोटीतून मानवर यायला शिकवा. 'तीन ऑक पाच हजार मान' ऐकल्याबरोबर 'पस्तीस कोटी' तोंडात आलं पाहिजे. रोज वर्ग सुरू होताना पाच मिनिटं, फक्त कानाने, कागद नाही.

त्याच बॅचला बुल्लयाङ (खराब निघालेला माल), नाप्पुम (मालाची पोहोच), जेगो (साठा), फुम्जिल (गुणवत्ता) हे शब्द पहिल्याच महिन्यात द्या. 'माझा छंद' हा धडा त्यांना नंतर शिकवला तरी कुणाचं काही अडत नाही. आणि साहेब 'गॉम्थोहे बोगेस्सम्निदा', म्हणजे 'तपासून बघतो', असं म्हणाले तर होकार मिळाला असं समजून उत्पादनाला लागू नये, हेही सांगा. आपल्या 'बघू'सारखंच ते आहे.

चूक कशी दुरुस्त करता यावरही बरंच अवलंबून आहे. मुलगी 'बाजारात जाऊन' यासाठी 'शिजाङए गागो' म्हणते, तुम्ही मानेने होकार देत 'शिजाङए गासॉ' असं बरोबर रूप म्हणता, ती 'हो मॅडम' म्हणते आणि पुढच्या वाक्यात पुन्हा 'गागो'. तिला तुम्ही दुरुस्ती केली हेच कळलेलं नसतं. १९९७ मध्ये रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांची पाहणी केली, तिथे शिक्षक सर्वांत जास्त वेळा असंच वाक्य सुधारून परत म्हणत होते आणि विद्यार्थ्यांकडून प्रतिसाद सर्वांत कमी त्यालाच मिळत होता. त्याऐवजी विचारा, 'गागो? म्हणजे बाजारात गेलीस, ते काम संपलं, आणि भाजी दुसरीकडूनच आणलीस?' ती हसते, थांबते आणि स्वतः 'गासॉ' म्हणते. स्वतः बदललेलं रूप टिकतं. मात्र एका वेळी एकाच प्रकारची चूक धरा, बाकीच्या जाऊ द्या.

मालिकांचा उपयोग करायचा तर तासभर लावून बसू नका. अर्ध्या मिनिटाचा तुकडा, खालची इंग्रजी अक्षरं बंद, तीनदा ऐकून जे ऐकू आलं ते हंगुलमध्ये लिहायचं. मग मूळ संवादाशी ताडून बघायचं. शेवटी तोच संवाद ऐकणारा बदलून बोलायचा, प्रियकराऐवजी मुख्याध्यापक. वर्गात हशा पिकतो आणि शेपट्या पक्क्या होतात.

दुसऱ्या पातळीच्या पुढे जाणाऱ्यांना लिहिताना एक इशारा द्या. टोपिक-२ मध्ये, म्हणजे वरच्या पातळ्यांच्या परीक्षेत, ५३ वा आणि ५४ वा प्रश्न मोठ्या लेखनाचे असतात, ५४ व्याला ६०० ते ७०० अक्षरं लागतात, आणि ती वर्तमानपत्री '-दा' शैलीत लिहायची असतात. बोलण्यातला '-यो' तिथे गेला की गुण कापले जातात. त्यासाठी रोज बातमीच्या दोन ओळी उतरवून घ्या, चौकटींच्या कागदावर.

राहिला मूळच्या कोरियन शिक्षकाचा प्रश्न. ठेवा, पण व्याकरणाला नको. आपल्याला 'मी आंबा खाल्ला' मध्ये 'ने' का नाही आणि 'त्याने आंबा खाल्ला' मध्ये का आहे, हे परक्याला समजावता येत नाही, तसंच त्यांचं '-गो' आणि '-आसॉ'चं होतं. कोरियन सरकारही केवळ कोरियन असणं पुरेसं मानत नाही. तिथे परक्यांना कोरियन शिकवणाऱ्यांसाठी तीन श्रेणींचं अधिकृत प्रमाणपत्र आहे, आणि त्या विषयाची पदवी नसलेल्यांना तिसऱ्या श्रेणीसाठीसुद्धा १२० तासांचं प्रशिक्षण घेऊन वर परीक्षा द्यावी लागते. तसं प्रमाणपत्र असलेलं कोणी मिळालं तर गोष्ट वेगळी.

नाहीतर आठवड्यातून एक तास, ऐकण्या-बोलण्यासाठी. पुण्यात राहणाऱ्या कोरियन कुटुंबांना मुलांसाठी इंग्रजी-हिंदीची शिकवणी हवी असते, अदलाबदल जमते. पाहुण्याला 'काहीतरी बोला' म्हणून सोडू नका. अर्धी माहिती मुलांकडे, अर्धी त्यांच्याकडे असं काम द्या: त्यांच्याकडे बसचं वेळापत्रक, मुलांकडे मीटिंगच्या वेळा, विचारल्याशिवाय जुळणार नाहीत.

संध्याकाळच्या बॅचसाठी निवड करता आली तर ग्यॉङ्साङ भागातला माणूस शोधा. रांजणगावला एलजी आहे, तिचा घरगुती उपकरणांचा मोठा कारखाना छाङ्वॉनला. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला, ह्युंदाईचं मोठं केंद्र उल्सानला. माणगावजवळ विळे-भागाडला पोस्को आहे, तिचं घर फोहाङ. तिन्ही शहरं देशाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या ग्यॉङ्साङ भागात येतात, आणि तिथली बोली सोलच्या पुस्तकी बोलीपेक्षा चांगलीच वेगळी आहे. सुरांची चढउतार निराळी, 'स' आणि ताणलेला 'स्स' जुन्या पिढीच्या तोंडी एक होतात, प्रश्न '-ना' आणि '-नो'ने संपतात: हो-नाहीचा प्रश्न असेल तर '-ना', काय-कुठे-कोण असेल तर '-नो'. तिकडून आलेला सुपरवायझर यंत्राच्या आवाजात 'मॉ हानो?' म्हणाला, तर तो 'काय करतोयस?' विचारतोय हे तुमच्या विद्यार्थ्याला कळलं पाहिजे. बोलायचं सोलसारखंच, ऐकायचं दोन्ही.